साध्या वारचं जेवण

मला खाण्याची आवड आहे हे माहिती असलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, काय मग, हल्ली नवीन कुठलं हॉटेल? हॉटेलात जायला मला आवडतंच, नाही म्हणत नाही. पण गेल्या महिन्यात मी सगळ्यात भारी काय खाल्लं असेल तर ते घरी, एका बुधवारी सकाळी डबा भरता भरता, ओट्यापाशी उभ्याने. भाकरीचा पापुद्रा, त्यावर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी, बस. भाकरी नुकती तव्यावरून उतरलेली, पापुद्रा उचलला की आतून वाफ येते आणि त्या वाफेला ज्वारीचा जो वास असतो ना, तो पाच मिनिटांनी नसतो. डब्यात तर नसतोच. तो वास फक्त भाकरी करणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी उभं असणाऱ्याला मिळतो.

सणाचं जेवण कुणाला आवडत नाही? पुरणपोळी, कटाची आमटी, श्रीखंड, सगळं माझ्या जीवाभावाचं आहे. पण एखाद्या घराला किंवा गावाला खायला खरंच येतं का, हे कळतं ते साध्या वारी. म्हणजे ज्या दिवशी सण नाही, उपास नाही, पाहुणे नाहीत, महिनाअखेर आलीये, सगळ्यांना कुठे ना कुठे वेळेवर पोचायचंय, अशा दिवशी चुलीवर जे असतं ते. मला आता वय वाढेल तसं हेच जास्त पटायला लागलंय की चव जपायची असेल तर ती तिथे जपली पाहिजे, कारण वर्षातले बहुतेक दिवस साधेच असतात आणि आपण जेवतो ते त्या दिवसांत.

आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक माझा आणि रात्रीचा बायकोचा. मी कराडचा, ती जळगावकडची, आणि राहतो पुण्यात, त्यामुळे फडताळात आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला, सासूबाईंनी पाठवलेला खान्देशी काळा मसाला आणि पुण्यात राहून सवयीचा झालेला गोडा मसाला असे तिन्ही डबे शेजारी शेजारी असतात. आई अजून उन्हाळ्यात मिरच्या आणून देठं काढून वाळवते, बेडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटपणाला, कांदा उभा चिरून उन्हात कडक वाळवून मग तेलात तळते, खोबरं, धणे, तीळ, सगळं वेगवेगळं भाजते आणि डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, उभी राहून डोळ्यासमोर कुटून घेते. त्या दिवशी तिच्या साडीला, केसांना, पिशवीला, सगळ्याला तो वास असतो. त्या मसाल्याचा एक चमचा घातला की साधी मटकीची उसळ पण जेवायला बोलावते.

आमच्या भागात हायवेला कराड-इस्लामपूरकडे ढाब्याढाब्यावर अख्खा मसूर लिहिलेलं असतं, लोक पुण्याहून कोल्हापूरला जाताना मुद्दाम थांबतात. आमच्या घरी तो साध्या वारचाच पदार्थ. रात्री मसूर भिजवला नाही तरी चालतो, म्हणून ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी अख्खा मसूर. कांदा मात्र बारीक चिरून चांगला परतायचा, अगदी कडेने तेल सुटेपर्यंत, घाई नाही करायची, मग टोमॅटो, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला आणि शिजलेला मसूर, आणि थोडे दाणे डावाने चेपायचे म्हणजे रस दाट होतो. ढाब्यावर त्याच्यावर बटर टाकतात. मला घरचा बटर न टाकलेलाच जास्त आवडतो, मसुराची स्वतःची एक मातीसारखी चव असते ती बटरखाली दबते.

आमटी मात्र गोड्या मसाल्याची. तुरीची डाळ आधी चांगली मऊ शिजवून घोटून घ्यायची, चिंच नंतर, कारण आंबट आधी पडलं की डाळ शिजायची थांबते. फोडणी मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता एवढीच. पाणी गरमच घालायचं. उकळी फुटली की चिंचेचा कोळ, गूळ आणि मग गोडा मसाला. काही जण मसाला फोडणीतच टाकतात, मला ते नाही पटत, त्यातलं दगडफूल आणि नागकेशर इतकं नाजूक असतं की तेलात क्षणात करपतं आणि मग आमटीला कडवट झाक येते. आणि चिंच-गुळाचं असं आहे की दोन्हीपैकी एकही वेगळं ओळखू येता कामा नये. गोड लागली तर चुकली, आंबट लागली तरी चुकली. ही आमटी आणि इंद्रायणी तांदळाचा जरा गिचका भात, त्यावर तूप, मला याच्यापुढे कुठली बिर्याणी खुणावत नाही. इंद्रायणी हा आंबेमोहोरापासून तयार केलेला वाण, मावळात भरपूर पिकतो, आणि शिजताना घरभर वास सुटतो. मोकळा भात हवा असणाऱ्यांना तो चिकट वाटतो, पण वरण-भात हाताने कालवून खाणाऱ्याला तोच भात लागतो.

भाकरीबद्दल लिहायला लागलो तर थांबणार नाही पण थोडं लिहितोच. पीठ ताजं पाहिजे, यात तडजोड नाही. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडा फाटतात. मी थोडंथोडं दळून आणतो. ज्वारी मालदांडी, जमेल तेव्हा मंगळवेढ्याची. तिथली काळी जमीन थंडीत नुसत्या ओलीवर ज्वारी पिकवते, 2016 साली त्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पिठात उकळतं पाणी घालून आधी उलथन्याने कालवायचं, मग हात लावता येईल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. हे रगडणं महत्त्वाचं. परातीत थापून तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या बेतात असतानाच उलटायची, पार सुकू द्यायचं नाही, नाहीतर चिरा जातात. दुसरी बाजू नीट भाजली की तवा काढून थेट आचेवर. मग ती फुगते. फुगलेली भाकरी बघून मला रोज आनंद होतो, खरंच रोज. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा सगळीकडे ज्वारी-बाजरी-नाचणी मेनूवर आली, आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनलाही काही दिवस भाकरी होती. चांगलंच झालं ते. ज्या पोरांनी घर सोडल्यापासून भाकरी खाल्ली नव्हती ती त्या काउंटरला दोन-दोनदा जात होती.

भाजी आणायला शनिवारी मंडईत जातो, महात्मा फुले मंडई, 1886 सालची ती दगडी इमारत आणि तिच्याभोवती पसरलेले भाजीवाले. जवळ सुपरमार्केट आहे, अॅपवर दहा मिनिटांत भाजी येते, ते सगळं वापरतोच अडीअडचणीला. पण आठवडाभर काय शिजणार हे मला मंडईत कळतं. श्रावणाच्या आगेमागे करटोली दिसली की बाकी सगळं बाजूला, ती महाग असते तरी घ्यायची, नुसती कांद्यावर परतायची. थंडीत ओला हरभरा, पावटा, गाजरं, तीळकूट लावलेली भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी. हरभऱ्याची कोवळी पानं मिळाली तर त्यांची पातळ भाजी, लसणाची चरचरीत फोडणी वरून. उन्हाळ्यात भाज्या कंटाळवाण्या होतात पण तेव्हा कैरी असते, कैरी घातलेली डाळ असते, पन्हं असतं. तिथे एक मावशी आहेत, माझ्याकडे बघूनच सांगतात, "आज मेथी नको घेऊ रे, जून आहे, माठ घेऊन जा, सकाळी उपटलाय." मी माठ घेऊन येतो. त्यांच्या सांगण्यावर आमचा सोमवार-मंगळवार ठरतो.

आता डबा. मी हिंजवडीला जातो, ट्रॅफिकबद्दल सगळ्यांना माहितीये, सकाळी लवकर निघावं लागतं, म्हणजे डबा भरल्यापासून खाईपर्यंत पाच तास तरी जातात. त्यामुळे डब्याचं एक वेगळंच शास्त्र आहे. पिठलं पातळ केलं तर दुपारी त्याची वडी होते, म्हणून डब्याला झुणका. वांग्याची भरली भाजी दुपारी सकाळपेक्षा छान लागते, मसाला आत मुरतो. कोबी मात्र डब्यात घाम सुटून वास मारतो, तो रात्री खावा. भेंडी परतून मीठ शेवटी घातलं तर दुपारपर्यंत चिकट होत नाही. दही लावायचं तर दुधात थोडं विरजण घालून डब्यातच लावून न्यायचं, जेवणाच्या वेळेला छान लागलेलं असतं, आंबट नाही होत.

आमच्या टेबलाला जेवायला बसणारे सगळे बाहेरगावचे, म्हणजे पुण्यात राहणारे पण बाहेरून आलेले. आणि डबे उघडले की अख्खा महाराष्ट्र. हे मी कुठल्याही फूड फेस्टिव्हलला बघितलेलं नाही. लातूरकडच्या एक मॅडम आहेत, त्या अंबाडीची भाजी आणतात, डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसूण-लाल मिरचीची भरपूर तेलातली फोडणी, आणि ती भाकरीत खड्डा करून त्यात तेल सोडून खायची असते हे मला त्यांनीच शिकवलं. कधी धपाटे असतात, कधी सुशीला, म्हणजे चुरमुरे भिजवून कांदा-मिरची-दाण्याच्या कुटावर परतलेले, पोह्याला जवळचं पण जास्त हलकं. सोलापूरचा एक जण शेंगाचटणी आणतो, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, आठवडाभर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि ज्याच्या डब्यात भाजी कमी असेल त्याच्यापुढे सरकवतो.

आणि वर्ध्याचा आमचा मित्र. त्याची आई पुण्याला आली की गोळाभात. हा पदार्थ पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना फारसा माहिती नसतो. हरभऱ्याच्या डाळीचं भरडं पीठ, त्यात तिखट, मीठ, हळद, मोहन घालून गोळे वळतात आणि भात शिजत आला की त्यावर ठेवून वाफवतात. वाढताना गोळा भातावर फोडायचा, हाताने मोकळा करायचा आणि वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, चमच्याने नाही, पळीने. डब्यात हे कसं आणायचं? तर तो फोडणीचं तेल वेगळ्या छोट्या स्टीलच्या डबीत आणतो, पँट्रीत मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या वाटीत गरम करतो आणि मग टेबलावर ओततो. वास सगळ्या मजल्यावर जातो, आणि वास आला की आमच्या टीममधले दोन तमिळ मित्र खुर्च्या घेऊन येतात. त्यांना त्यांच्याकडचा परुप्पु पोडी-भात आठवतो म्हणे, डाळीची पूड आणि तेल घालून कालवलेला.

हे सगळे साध्या वारचेच डबे आहेत. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. आणि त्यामुळेच त्यातून त्या त्या भागाचं पाणी, पीक, हवा सगळं कळतं. जिथे तूर-हरभरा पिकतो तिथे डाळीचे शंभर प्रकार, जिथे शेंगा तिथे कूट प्रत्येक भाजीत, आमच्याकडे कृष्णाकाठी ऊस त्यामुळे आमटीत गुळाचा खडा हात न आखडता.

सुट्टीला कुठे गेलो तरी माझं हेच असतं. मला तिथलं साध्या वारचं जेवण हवं असतं. हे मिळवणं सोपं नसतं, कारण पाहुणा म्हटला की सगळे आपलं सगळ्यात भारी काढतात, आणि टुरिस्ट म्हटला की हॉटेलं जे सगळीकडे चालतं ते काढतात. मालवणला हे फार होतं. फिश थाळी म्हणून जे मिळतं त्यात कित्येक ठिकाणी सुरमई असो, कोळंबी असो, पापलेट असो, रस्सा एकच. लाल, दाट, भाजलेल्या खोबऱ्याचा. वाईट नसतो तो, पण प्रत्येक माशाला वेगळं वाटप असतं, काहींना खोबरं भाजायचं, काहींना कच्चं, काहींना कोकम, काहींना कैरी, हे जे कोकणातल्या बाईच्या हाताला माहिती असतं ते त्या थाळीत येत नाही.

आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवणजवळ एका घरगुती ठिकाणी उतरतो. माडांची वाडी, मागे दोन खोल्या काढलेल्या, जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. काकू पहिल्या दिवशी कोंबडी-वडे करतात, तो त्यांचा मान आहे, आणि ते अप्रतिमच असतात. पण मी पहिल्या वेळेलाच विचारलं होतं, काकू, तुम्ही आणि काका सकाळी काय खाता? त्या म्हणाल्या, "आम्ही पेज. ती काय तुम्हाला द्यायची? तुम्ही पाव्हणे, तुम्हाला घावणे घालते." मी म्हटलं घावणे उद्या, आज पेजच द्या. त्या काकांकडे बघून हसल्या आणि अजून एक ताट मांडलं.

दहाच्या सुमाराला पेज जेवतात. उकड्या तांदळाची. भात आधी उकडून, वाळवून मग सडतात तो हा तांदूळ, जाडसर, लालसर, शिजायला वेळ घेणारा. भरपूर पाण्यात शिजवलेला, पाणी न काढता, मीठ घालून, गरम. बरोबर ओल्या खोबऱ्याची कातळी, आंब्याचं लोणचं आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. एक घोट पेज, एक तुकडा बांगडा. मे महिन्याच्या त्या उकाड्यात, घाम निथळत असताना, ते पोटात गेल्यावर जे वाटतं ना, कुठल्याही थंड पेयाने तसं वाटत नाही. काका सकाळी वाडीत पाणी लावून, नारळ उतरवणाऱ्याच्या मागे हिंडून आलेले असतात, त्यांना मीठ आणि पाणी दोन्ही हवं असतं, आणि पेजेत दोन्ही आहे. पिढ्यानपिढ्या त्या हवेत काम करणाऱ्या लोकांनी ते शोधून काढलंय.

दुपारी बांगडे आले. काकांनी सकाळीच बंदरावरून आणले होते, डोळे चकचकीत, अंग ताठ. काकूंनी तिखलं केलं. मी तिथेच पाटावर बसून बघत होतो. ओलं खोबरं अगदी थोडं, बेडगी मिरची, धणे, हळद, सगळं बारीक वाटलं. भांड्यात वाटप, आमसुलं, मीठ, पाणी बेताचं, आणि मग तिरफळं. तिरफळाच्या आतली काळी बी काढून टाकतात, साल तेवढी ठेवतात, ती जरा ठेचायची आणि वाटपात टाकायची, वाटायची नाही. बांगडा, तारली अशा तेलकट, उग्र माशाला तिरफळ लागतं, पापलेटला कुणी घालत नाही. मासे सोडल्यावर काकूंनी डाव लावलाच नाही. भांडं दोन्ही कडांना फडक्याने धरून नुसतं गोल हलवलं, कारण डाव लावला की मासा मोडतो. शेवटी आचेवरून उतरवून वरून कच्चं खोबरेल तेल आणि झाकण. फोडणी नाही, कांदा परतणं नाही, भाजलेला मसाला नाही. पंधरा-वीस मिनिटांत झालं. तिरफळाने जिभेला हलकी झिणझिणी येते आणि आमसुलाचा आंबटपणा मागून येतो. रात्री तेच उरलेलं तिखलं थोडं आटवून घावण्याबरोबर, आणि ते दुपारपेक्षा कितीतरी छान. काकू म्हणाल्या, आमच्याकडे मुद्दाम जास्त करतात ते रात्रीसाठीच.

संध्याकाळी अंगणात बघितलं तर कोकमं वाळत होती. पिकलेल्या रतांब्याची सालं, मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, परत उन्हात, असं काही दिवस, तेव्हा ती काळी, मऊसर आमसुलं होतात. उरलेल्या रसाचं मीठ घालून आगळ. सोलकढी त्या आगळाची. वर्षभराची बेगमी मे महिन्यात चाललेली असते, कारण पुढे पाऊस, आणि जून-जुलैला मासेमारी बंद. तेव्हा माशांच्या विणीचा काळ असतो, समुद्र पण खवळलेला, म्हणून बंदी. त्या महिन्यांत तिथे जाऊन ताजं पापलेट मागण्यात काहीच अर्थ नाही. तेव्हा घराघरात काय असतं? सुकट, सोडे, सुके बोंबील, टाकळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि कुळथाची पिठी. कुळथाची पिठी मला इतकी आवडली की मी पीठ दोन किलो आणलं. लसूण, कांदा, मिरची, पाणी, आमसूल, आणि उकळी आली की भाजलेल्या कुळथाचं पीठ पाण्यात कालवून ओतायचं आणि ढवळत राहायचं. गरम भात, पिठी, भाजलेला पापड. बाहेर धो धो पाऊस असताना पुण्यातही ती तितकीच लागू पडते.

थंडीत आम्ही दुसऱ्या दिशेला जातो, खाली, धारवाड-बदामीकडे. कराडच्या माणसाला तिकडे परकं वाटतच नाही, ताटात ज्वारी, शेंगा, वांगं, सगळं ओळखीचं. बदामीजवळ बनशंकरीचं देऊळ आहे, समोर मोठं तळं, आणि तिथे बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. टोपलीत घरून केलेल्या ज्वारीच्या पातळ कडक रोट्या, वांग्याची भाजी, मोडाची उसळ, लाल चटणी, शेंगाचटणी आणि मडक्यातलं दही. पैसे दिले की तिथेच हातात वाढतात, पायरीवर बसून खायचं. आपल्याकडे सोलापूरला कडक भाकरी मिळते तशीच ही रोटी, दिवसचे दिवस टिकते, शेतावर नेण्यासाठी केलेली. माझी बायको म्हणाली, हे तर तुझ्या आईच्या हातचं वाटतंय. आणि खरंच होतं ते, फक्त त्यांची भाकरी आमच्यापेक्षा पातळ आणि चटणी आमच्यापेक्षा लाल. त्या मावशींना मराठी थोडं समजत होतं, त्यांनी कसलाही विचार न करता मला अजून एक चमचा दही वाढलं, पैसे नको म्हणाल्या.

मुलांना सुट्टीत पिझ्झा-पास्ता हवाच असतो आणि आम्ही तो देतो, त्यात काही वाईट नाही. पण एक ठरवलंय, प्रत्येक ठिकाणी एक तरी जेवण तिथल्या घरासारखं. त्यासाठी काय करायचं तर शनिवार-रविवार टाळून जायचं, कारण गर्दीच्या दिवशी कुणालाच दोन शब्द बोलायला वेळ नसतो. आणि मेनूकार्ड न मागता विचारायचं की आज तुमच्या घरी काय केलंय. बहुतेक वेळा समोरचा माणूस खूश होतो. गावातला भाजीबाजार सकाळी फिरून यायचा, तिथे जी भाजी ढिगाने दिसते तीच दुपारी मागायची. जळगावला सासूबाईंकडे थंडीत गेलो की असंच होतं, बाजारात पांढरट-हिरवी मोठाली भरताची वांगी डोंगरासारखी लागलेली असतात, मग घरात दुसरं काही नाहीच. काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलून लाकडी भांड्यात हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कांद्याची पात, तेल, शेंगदाणे, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. सासरेबुवा तेव्हा स्वतः शेकोटीपाशी बसून वांगी फिरवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

सुट्टीवरून येताना बॅगेत त्यामुळे शोभेच्या वस्तू कमी आणि पिशव्या जास्त असतात. तिरफळं, आमसुलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ. आणि ते फडताळात पडून राहत नाही, लगेच सोमवारपासून वापरात येतं. तुरीच्या डाळीत दोन तिरफळं आणि दोन आमसुलं टाकून, फोडणी न देता वरून खोबरेल तेल, ही आमच्याकडे आता नेहमीची डाळ झालीये. मुलांना पण आवडते.

पेज तर मी ऑफिसला न्यायला लागलोय, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये. उन्हाळ्यात दुपारी ए.सी. मध्ये बसून जड जेवलं की झोप येते, पेजेने येत नाही. वर्ध्याच्या मित्राने चाखली आणि आईसाठी कृती मागितली, तीच इथे देतो. वाटीभर उकडे तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुवायचे आणि रात्रभर भिजत ठेवायचे. सकाळी सात-आठ वाट्या पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचे, कुकरलाही होतात पण मग पाणी जरा पिठूळ होतं, पातेल्यातली पेज जास्त चांगली. तांदूळ फुटून मऊ झाला पाहिजे पण त्याचा लगदा नको, दाणा वेगळा दिसला पाहिजे. लागेल तसं गरम पाणी घालत राहायचं. मीठ शेवटी. खोबऱ्याची कातळी आणि लोणचं वेगळ्या डबीत न्यायचं. सुका बांगडा ऑफिसात नको, तो वास सगळ्यांना चालत नाही, त्याऐवजी भाजलेला पोह्याचा पापड किंवा सोलापूरकराच्या ड्रॉवरमधली शेंगाचटणी.